कम्प्युटरनं केलं

"शिष्यवृत्तीवाले उभे राहा."

पाचवीचा पहिला दिवस होता. शाळेच्या पटांगणात आजूबाजूच्या गावांतली आम्ही सगळी नवी पोरं मातीत मांडी घालून बसलो होतो. गुरुजींनी हे म्हटलं आणि मी उठले. नुसती उठले नाही, हसत उठले. शिष्यवृत्ती म्हणजे हुशारीचं बक्षीस, एवढंच मला ठाऊक होतं. चौथीत बाईंनी माझं नाव फळ्यावर लिहिलं होतं. मला वाटलं, ते नाव इथंही पोचलं.

मागं वळून पाहिलं तर वैशाली बसलेलीच. जिल्हा परिषदेच्या शाळेत चार वर्षं आम्ही एका पट्टीवर बसलो होतो. तिला माझ्याइतकेच मार्क होते. मी खुणेनं म्हटलं, ऊठ ना. तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि बसून राहिली.

मग मी उभ्या असलेल्यांकडं पाहिलं. आमच्या लेनीतला, म्हणजे आमच्या गल्लीतला राजू, ज्याला सातचा पाढा येत नव्हता. रविवारी विहारात दिसणारी दोन-तीन पोरं. शेजारच्या गावच्या मातंगाच्या दोघी बहिणी. पारध्यांच्या पालावरचं एक पोरगं. हुशारीचा काही संबंध नव्हता. हसू माझ्या तोंडावरच वाळलं, पण पुसायचं कसं ते कळेना.

गुरुजींनी बोटानं आमची डोकी मोजली. शेजारच्या मास्तरांकडं पाहून म्हणाले, "सरकारचे जावई." हळू नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं. पटांगण हसलं. वैशालीही हसली. तिला त्यातलं काही कळलं नसणार. मलाही कळलं नव्हतं, पण कान तापले होते.

"चला, रांगेनं मागच्या शेडात. क तुकडी."

आम्ही चाललो. रांगेनं. कोणी ढकललं नाही, कोणी मारलं नाही. उभे राहा म्हटलं, उभे राहिलो. चला म्हटलं, चाललो. हे मी पुढं पुष्कळ वर्षं विसरले नाही.

क तुकडीचं शेड टिनाचं. शेजारी खिचडी शिजायची, धूर सगळा आमच्याकडं. पंखा नाही. अ तुकडीला सेमी इंग्रजी, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. आम्हाला इंग्रजीला मास्तरच नव्हते. चित्रकलेचे सर यायचे, पुस्तक उघडायला सांगायचे आणि दारात खुर्ची टाकून पेपर वाचायचे. दहावीपर्यंत मी त्याच शेडात होते. वैशाली समोरच्या पक्क्या इमारतीत. पहिल्या वर्षी मधल्या सुटीत भेटायची. मग भेटायची नाही.

मी बी.कॉम. मंगरूळपीरला मावशीकडं राहून केलं. परत आले तेव्हा गावात काम नव्हतं. माय एका माळ्याच्या मळ्यात भाजी तोडायला जायची, अजून जाते. दादा मिस्त्री. बांधकाम असेल तिकडं जातो. बाबा गेल्यापासून घर त्याच्यावर. ती शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या ऑफिसात कम्प्युटरवर बसायला माणूस पाहिजे, असं कळलं. दादा म्हणाला, त्याच शाळेत जातं काय? मी म्हटलं, शाळेत नाही, ऑफिसात. तेव्हा मला त्या दोन्हींत मोठा फरक वाटत होता.

संस्था मोठी. गावोगाव शाळा. संस्थापक पाटील आता थकलेले, कारभार धाकट्या मुलाकडं. सगळे त्यांना धाकटे सर म्हणायचे. पुण्यात शिकून आलेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट, आवाज कधी चढवायचे नाहीत. त्यांच्या हाताखाली मोठे बाबू, म्हणजे हेडक्लार्क. पंचक्रोशीतल्या प्रत्येक घराचा आगापिछा बाबूंच्या तोंडी. आणि मी.

माझं काम निकालाचं. प्रत्येक शाळेतून प्रत्येक वर्गाची एक्सेलची फाईल यायची. ती उघडायची, मार्क उचलायचे, मोठ्या फाईलमध्ये चिकटवायचे. पुन्हा उघडायची, पुन्हा उचलायचे. परीक्षा झाल्या की महिनाभर हेच. बोटं आखडून जायची. मास्तर लोकांना फाईल सजवायची भारी हौस. वर शाळेचं नाव हिरव्या पट्टीत, चार रकाने जोडून. एका शाळेचे गुरुजी गैरहजर पोरापुढं नुसतं 'गै' लिहायचे. एक बाई तर पास झालेल्यांना पिवळा रंग द्यायच्या आणि मार्क लिहायचेच विसरायच्या.

एक दिवस फोनवर हिंदीतला एक व्हिडिओ समोर आला. एक पोरगा सांगत होता, एक्सेलचं हे गाढवकाम कम्प्युटरकडून करून घेता येतं, पायथन नावाच्या भाषेत चार ओळी लिहा. मी तो पुन्हा पुन्हा पाहिला. ऑफिसचा कम्प्युटर म्हातारा, त्यावर ते चढेना. दादानं वाशिमहून जुना लॅपटॉप आणून दिला. काय करणार त्याचं, असं त्यानं विचारलं नाही. एका बंगल्याच्या प्लास्टरच्या कामाचे पैसे त्यात गेले.

रविवारी विहारातून आले की मी बसायची. फोन तेलाच्या डब्याला टेकवून ठेवायचा आणि मांडीवर लॅपटॉप. भाषा इंग्रजी, आणि माझं इंग्रजी क तुकडीचं. 'फॉर' म्हणजे 'साठी' एवढंच ठाऊक. इथं 'फॉर' म्हणजे एकामागून एक सगळ्यांकडं जा, कोणाला सोडू नको. 'इफ' म्हणजे असं असेल तर. 'एल्स' म्हणजे नसेल तर. नियमाच्या आतली ओळ चार जागा सोडून लिहायची. जागा चुकली की सगळं लाल.

माय मेथी निवडत शेजारी बसलेली असायची. म्हणायची, "लाल काहून झालं व ते? रागावलं का?"

"हो माय, रागावलं."

"मंग समजाव त्याले."

समजावत राहिले. एक टिंब राहिलं तरी अडायचं. 'गै' आलं की अडायचं. मी त्याला सांगितलं, 'गै' दिसलं तर थांबू नको, रकाना रिकामा ठेव आणि पुढं जा. जोडलेले रकाने दिसले तर पहिल्या ओळी सोडून दे. किती रविवार गेले मोजले नाहीत. कितीदा लॅपटॉप आपटून फोडावासा वाटला, तेही नाही. मला शिकवलंच नव्हतं कोणी काही, आणि ते आता कळत होतं. व्हिडिओतला पोरगा म्हणायचा, ये तो सबको पता होगा. मला पता नसायचं. मग मी तो शब्द शोधायची, त्या शब्दाच्या अर्थातला शब्द शोधायची. चित्रकलेच्या सरांना शिव्या द्यायची.

आणि एका रविवारी ते चाललं. काळ्या पडद्यावर शाळांची नावं एकामागून एक सरकत गेली आणि थांबली. मोठी फाईल उघडली तर भरलेली. महिन्याचं काम. मी ओरडलेच. माय हातातली जुडी टाकून धावत आली, तिला वाटलं विंचू चावला. मी तिला लॅपटॉप दाखवला, तिला काही कळलं नाही, पण माझ्या तोंडाकडं पाहून ती हसली. मला एवढा आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता. सांगितलं ते त्यानं केलं. मी कोण, कोणाची, कोणत्या लेनीतली, हे विचारलं नाही. असं माझ्याशी वागलेलं मला दुसरं काहीच आठवेना.

ऑफिसात हे कळायला वेळ लागला नाही. निकाल वेळेआधी लागला. धाकटे सर खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले आणि पुन्हा चालवून दाखव म्हणाले. मग जो पाहुणा येईल त्याला दाखवायला लागले. आमच्या ऑफिसचा प्रोग्राम, म्हणायचे. मी लॅपटॉप उघडायची, चालवायची, मिटायची. एकदा तालुक्याहून त्यांचे कोणी मित्र आले होते. त्यांनी चहा घेता घेता विचारलं, हे केलं कोणी? सरांनी माझ्याकडं हात केला, माझं आडनाव सांगितलं. नुसतं आडनाव. मित्रानं भुवया उचलल्या. माझ्याकडं कौतुकानं पाहत म्हणाला,

"हो का? वाटत नाही."

सर म्हणाले, "तेच तर."

दोघांनी चहा संपवला. मी कप उचलून बाहेर नेले. कप उचलणं माझं काम नव्हतं. पण मी तिथं बसू शकत नव्हते, आणि उठायला काही निमित्त पाहिजे होतं. नळाखाली कप धुताना मनात म्हणत होते, काय वाटत नाही? काय वाटायला पाहिजे होतं? हे आत जाऊन विचारायला पाहिजे होतं. मी कप पालथे घालून आले.

मे महिन्यात पाचवीचे प्रवेश सुरू झाले. आता शिष्यवृत्तीवाले उभे राहा असं कोणी म्हणत नव्हतं. आमच्यानंतर काही वर्षांनी कोणा पालकानं तक्रार केली होती म्हणे, मग ते बंद झालं. मग काय करायचे, तर उन्हाळ्यात धाकटे सर आणि मोठे बाबू दार लोटून बसायचे. बाबू एकेक नाव वाचायचे, सर विचारायचे, "कोनाचा हा?" बाबू सांगायचे अमक्याचा, तमक्या वस्तीवरचा, त्याचा बाप हे करते. मग सर बोटानं दाखवायचे. अ. ब. क. आवाज बाहेर यायचा. मी बाहेर बसून निकालाच्या फाईली भरायची आणि ऐकायची.

यंदा सरांनी मला आत बोलावलं. म्हणाले, हे आता प्रोग्रामनं करू. अ आणि ब मार्कांवर. क साठी बाबूंनी आडनावं काढून ठेवली होती. कागद माझ्यासमोर सरकवला. ही आडनावं आली की क.

तिसऱ्या ओळीत माझं आडनाव होतं.

सरांनी ते पाहिलं होतं की नाही, ठाऊक नाही. पाहिलं असणार. म्हणाले, "तू मनावर घेऊ नोको. तू तं घरचीच हायेस." मग खुर्चीत मागं रेलून म्हणाले, "मागच्या साली एक जन भांडाले आला होता, काहून म्हणे माह्या पोट्ट्याले क मध्ये टाकलं. आता कोनी आलं तं सांगता येते, कम्प्युटरनं केलं."

मी म्हटलं, "हो सर."

का म्हटलं? आजही मी स्वतःला हे विचारते. पटांगणात हसत उठले होते, तशीच. सांगितलं की अंग आपोआप हलतं. मी बाहेर येऊन बसले आणि लिहिलं. फॉर, सगळ्या पोरांकडं एकेक करून जा. इफ, आडनाव या कागदातलं असेल तर क. एल्स, मार्क पाहा. अवघड काही नव्हतं. 'गै' पेक्षा सोपं होतं. बोटं सराईत चालत होती.

चालवलं. अ, ब, क, तीन पानं तयार. क चं पान उघडलं आणि पहिलंच नाव प्रज्ञाचं.

प्रज्ञा माझी पुतणी, दादाची पोरगी. जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली येते. आमच्या घरात तिच्यासारखं पाठांतर कोणाचं नाही, बसमधून जाताना दुकानांच्या इंग्रजी पाट्या मोठ्यानं वाचत जाते. तिला सेमी इंग्रजी पाहिजे होतं. ती मला रोज विचारायची, आत्या, अ तुकडीत किती पंखे आहेत? मार्कांनुसार तिची जागा अ मध्ये वर होती. माझ्या ओळीनं तिचे मार्क पाहिलेच नाहीत. आडनावापाशीच थांबली. ती ओळ मी लिहिली होती.

सर आणि बाबू आत वाट पाहत होते. मी लॅपटॉप घेऊन गेले. सरांनी क चं पान वरून खाली पाहिलं. खूश होते. मग थांबले.

"हा इंगळे इथं कसा?"

बाबूंनी चष्मा वर केला आणि जवळ येऊन पाहिलं. सरांच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा होता तो. बहीण इंगळ्यांच्या घरी दिलेली. इंगळे त्यांच्यातही आहेत आणि आमच्यातही आहेत. कागदात बाबूंनी आमचे म्हणून लिहिले होते. प्रोग्रामनं सगळे इंगळे उचलून टिनाच्या शेडात टाकले.

मग बाबूंनी अ चं पान उघडायला लावलं. वाचत गेले आणि एका नावावर बोट ठेवलं. केनवडकडचा एक पाटील. "हा पाटील तो नोहे," बाबू म्हणाले. "याचा बाप रिसोडले हमाली करते. त्याईच्यातला हाये." त्याईच्यातला म्हणजे आमच्यातला. बाबू हे माझ्यासमोर, माझ्याकडं न पाहता म्हणाले.

सर वैतागले. म्हणाले, काय कामाचा हा प्रोग्राम. मग माझ्याकडं वळले, आणि त्यांचा आवाज पुन्हा नेहमीसारखा मऊ झाला.

"त्याले कसं समजंन? तुले तं समजते ना कोन कोनाचं. बस इथं. बाबू सांगतीन, तू एकेक नाव त्याले शिकव. हे इंगळे आपले, ते इंगळे तुमचे. एक डाव शिकवलं की झालं, मंग दरसाल कटकट नाही."

मी लॅपटॉपकडं पाहत होते. त्याला दिसतच नव्हतं. एका इंगळ्यात आणि दुसऱ्या इंगळ्यात त्याला काही फरकच दिसत नव्हता. दिसायला फरक नव्हताच. तो बाबूंच्या तोंडात होता, सरांच्या बोटात होता, आणि आता माझ्या हातानं त्याच्या आत घालायचा होता. इतके दिवस मला वाटायचं, हे यंत्र भलं आहे, माझी जात विचारत नाही. भलं कसलं. जो सांगेल त्याचं ऐकतं. गुरुजींनी उभं राहा म्हटलं की उभं राहणारं. मीही तेच होते, पाचवीपासून. फक्त मला दिसत होतं, आणि दिसूनही मी ती ओळ लिहिली होती. लाज वाटली. इतकी लाज मला त्या पटांगणातही वाटली नव्हती.

"मी नाही शिकवणार, सर."

"काहून? होत नाही तुह्यानं?"

"होते. मी करत नाही."

बाबूंनी मान वर केली. सर हसले. रागावतील असं वाटलं होतं, रागावले नाहीत. क चं पान पुन्हा उघडलं, पहिल्या नावावर बोट ठेवलं.

"ही तुह्या भावाची ना? हिले टाकतो अ मध्ये. आतापासून हे नाव अ मध्ये. मंग तं झालं?"

मी लगेच नाही म्हटलं नाही. हे लपवणार नाही. पक्की खोली डोळ्यांपुढं आली, पंखे आले, इंग्रजीचे सर आले. प्रज्ञा पाट्या वाचत असलेली दिसली. एका शब्दाचं काम होतं. हो म्हटलं असतं तर ती तिथं गेली असती, आणि ती लायक होतीच. कोणाचं काही हिसकावून घेणार नव्हती.

मी विचारलं, "आन बाकीचे?"

"बाकीच्याईचं तुले काय करा लागते?"

मी लॅपटॉप मिटला. सर म्हणाले, लॅपटॉप ठेव, प्रोग्राम संस्थेचा आहे. मी म्हटलं, लॅपटॉप माझ्या भावानं प्लास्टर करून घेतलेला आहे. छातीशी धरला आणि बाहेर पडले. मागून सरांनी, आवाज न चढवता, उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. घरी जायला शिरपूरच्या बसमध्ये बसले. बसमध्येच मी ते सगळं पुसलं. कागदातली आडनावं, ती इफची ओळ, तिन्ही पानं. पुसलं तरी आपण लिहिलं होतं हे काही पुसलं जात नाही, हेही तेव्हाच कळलं.

घरी दादाला सांगितलं. सगळं सांगितलं, प्रज्ञाला अ मध्ये टाकतो म्हणाले तेही. दादा हात धूत होता. तसाच उभा राहिला.

"तुह्या इज्जतीपायी माह्या पोरीचं नुकसान केलं तू," तो म्हणाला.

खोटं नव्हतं ते. तो पुढं म्हणाला, बाकीच्यांची पोरं कुठं अ मध्ये जाणार होती? नाहीच जाणार होती. मग आपली एक गेली असती तर कोणाचं काय बिघडलं असतं? त्यानं कितीक दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. वहिनी ताट वाढायची आणि नजर चुकवायची. प्रज्ञा काही न कळून पंख्यांचं विचारत राहिली.

माय तेवढी एकदा बोलली. मळ्यातून वांगी आणली होती, निवडत होती. चांगली एकीकडं, किडकी एकीकडं. माझ्याकडं न पाहता म्हणाली, "आमी वांगं निवडतो तं वांगं पाह्यतो व. कोनाच्या वावरातलं हाये ते नाही पाह्यत." दादा दारात बसला होता. त्यानं ऐकलं. उठून बाहेर गेला.

जूनच्या शेवटी शाळा उघडली. प्रज्ञा क मध्ये. टिनाच्या शेडात. बाबूंनी पुन्हा दार लोटून हातानं केलं असणार, कोणाचा हा, कोणाचा तो विचारत. सरांचा भाचा अ मध्ये, हमालाचा पाटील क मध्ये. संध्याकाळी प्रज्ञाचे डोळे धुरानं लाल झालेले. आत्या, तिथं एकपण पंखा नाही, म्हणाली. दादा जेवला नाही.

जुलैत पालकसभा लागली. त्याच पटांगणात. समोर टेबल, टेबलावर माइक, खुर्च्यांवर संस्थेचे लोक, मध्ये धाकटे सर. आम्ही सतरंजीवर. आमच्या लेनीतले लोक मागं बसतात, कोणी सांगत नाही तरी मागंच बसतात. मी, दादा, वहिनी मागं. माय मळ्यातून थेट आलेली, पदराला मेथीचा वास.

पुढून एका पालकानं विचारलंच. हमाली करणारा तोच पाटील असावा. हात जोडून विचारत होता, पोराला मार्क चांगले आहेत साहेब, मग क तुकडी कशी काय मिळाली? धाकट्या सरांनी माइक जवळ घेतला. हसले.

"आता ते आमच्या हातात नाही ना, भाऊ. कम्प्युटरनं केलं."

माणूस खाली बसला. बसणारच. कम्प्युटरशी भांडणार कसा? आजूबाजूचे लोक माना डोलावत होते. आता सगळं कम्प्युटरवरच असते, कोणीतरी म्हणालं.

मी उठले.

मला कोणी ऊठ म्हटलं नव्हतं. दादानं ओढणीचं टोक धरलं आणि खाली ओढलं. मी उभी राहिले. मागून बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं, माइक नव्हता. ओरडले.

"तो कम्प्युटर माह्या घरी हाये, सर. त्यानं नाही केलं. त्याले तुमचा भाचा आन आमचे पोट्टे येगळे दिसतच नोहते. कोनी येगळे केले ते सांगा."

खुर्च्यांवरच्या एकानं सरांच्या कानाला लागून काही विचारलं. बाबू टेबलावरचे कागद जुळवायला लागले. पुढचे लोक वळून पाहत होते. त्यांत वैशालीचा भाऊ होता, त्याचं पोरगं अ मध्ये. मागचे आमचे लोक खाली पाहत होते. त्यांच्यापैकी एक जण दबक्या आवाजात म्हणाला, बस व बाई, पोराईले त्रास देतीन ते. खरं होतं तेही. देतील. प्रज्ञाला पहिला देतील.

सरांनी माइक तोंडाजवळ घेतला. आवाज चढवला नाही.

"खाली बस."

गुरुजींचं वाक्य मला एकदम आठवलं, माती आठवली. याच जागेवर बोटानं डोकी मोजली होती. हसत उभ्या राहिलेल्या त्या पोरीचा मला राग आला आणि दयाही आली.

"कोन्या नेमानं तुकड्या केल्या ते सांगा," मी म्हटलं. "मंग बसतो."

सरांनी माइक बंद केला. सभा संपली असं कोणीतरी जाहीर केलं. खुर्च्या सरकल्या, लोक उठले, चपला शोधायला लागले. हमाल पाटील माझ्याजवळून गेला, थांबला नाही, पण माझ्याकडं नीट पाहून गेला. दादानं ओढणी सोडली होती. कधी सोडली ते मला कळलं नाही. तो वहिनीला घेऊन फाटकाकडं गेला. माय माझ्या पायाशी बसून होती. ती उठली नाही आणि मलाही बस म्हणाली नाही.

प्रज्ञा अजून टिनाच्या शेडात आहे. मला तालुक्यात कोणी कामाला ठेवत नाही, सरांनी निरोप पोचवलेत. लॅपटॉप आहे. रविवारी मी बसते, नवं शिकते, लाल झालं की समजावते. कोणासाठी काय लिहायचं आणि काय लिहायचं नाही, हे आता मी आधी पाहते, मग बोटं ठेवते.

पुढच्या जुलैत सभा लागेल. मी जाणार आहे, आणि मागं नाही, पुढच्या सतरंजीवर जाणार आहे. त्याच्या पुढच्या वर्षीही. तुकड्यांचा नेम काय तो मोठ्यानं, माइकवर, सगळ्यांना ऐकू जाईल असा सांगेपर्यंत मी त्या पटांगणात खाली बसणार नाही.